सकाळी पहिल्या हाताला सुरू, दुपारी ढिम्म: टायगर मॉथच्या गरम इंजिनाचं काय करायचं

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. "सकाळी पहिल्या हाताला सुरू झालं. वीस-पंचवीस मिनिटं उडवलं, उतरलो, चहा घेतला. आता पंखा फिरवून फिरवून खांदे भरून आले तरी इंजिन दाद देत नाही." मग दोन तासांनी, सगळे कंटाळून विमान हँगरमध्ये ढकलायला निघाले की कुणीतरी शेवटचा हात मारून बघतो आणि तेच इंजिन लगेच गुरगुरायला लागतं. सगळे म्हणतात, "झालं बरोबर." झालेलं काहीच नसतं. पुढच्या रविवारी जेवणानंतर पुन्हा तोच प्रकार.

मी इंग्लंडच्या दक्षिण भागात जुन्या विमानांच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली हलकी विमानं हेच आमचं रोजचं काम. त्यात सगळ्यात जास्त टायगर मॉथ, अधूनमधून एखादं जुनं जिप्सी मॉथ. गरम इंजिन सुरू न होण्याचा हा प्रश्न मी इतक्या वेळा पाहिला आहे, आणि तो इतक्या चुकीच्या मार्गांनी सोडवताना पाहिला आहे, की एकदा सगळं नीट लिहून काढावं असं फार दिवस मनात होतं. आपली बरीच मुलं आता एरोस्पेस शिकायला इकडे येतात, शनिवार-रविवारी अशा वर्कशॉपमध्ये मदतीला येतात. त्यांना हे आपल्या भाषेत वाचायला मिळावं ही इच्छा.

आधी इंजिन कोणतं ते

टायगर मॉथमध्ये जिप्सी मेजर असतं. चार सिलिंडर एका रांगेत, हवेनं थंड होणारं, ६.१ लिटरचं, सुमारे १३० हॉर्सपॉवरचं आणि उलटं टांगलेलं. म्हणजे क्रँकशाफ्ट वर आणि सिलिंडरची डोकी खाली. हे उलटं टांगणं गरम इंजिनाच्या दुखण्यात आणि थंड इंजिनाच्या दुखण्यात, दोन्हीकडे आडवं येतं, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

हे घराणं कसं सुरू झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय या इंजिनाचा स्वभाव कळत नाही. डी हॅविलँडचं पहिलं मॉथ, डीएच ६०, २२ फेब्रुवारी १९२५ ला उडालं. त्यात सिरस इंजिन होतं. पहिल्या महायुद्धातून उरलेल्या रेनॉच्या आठ सिलिंडरच्या इंजिनांचे भाग घेऊन फ्रँक हॅलफर्डनं ते चार सिलिंडरचं इंजिन उभं केलं होतं. उरलेला माल संपत आला तेव्हा डी हॅविलँडनं हॅलफर्डकडूनच स्वतःचं नवं इंजिन करून घेतलं, तेच जिप्सी. पहिलं जिप्सी सरळ उभं होतं. पुढे जिप्सी थ्रीमध्ये ते उलटं केलं, त्यामुळे वैमानिकाच्या डोळ्यांसमोरून सिलिंडरची डोकी गेली आणि पंखा जमिनीपासून वर आला. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर टपाल आणलं ते पस मॉथमधून, आणि त्यात हेच उलटं जिप्सी थ्री होतं. ऑक्टोबर हीटमध्ये अहमदाबादला उतरायचं, पेट्रोल भरायचं आणि तापलेलं इंजिन हातानं पुन्हा सुरू करायचं. आपण ज्या प्रसंगाबद्दल बोलतो आहोत तो हाच. पुढे १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला तो लेपर्ड मॉथमधून, आणि त्यात जिप्सी मेजर होतं. म्हणजे ज्या इंजिनाबद्दल मी लिहितो आहे त्याच जातीचं.

ही सगळी विमानं साध्या माणसाला उडवता आणि सांभाळता यावीत म्हणून बनवलेली होती. फ्लाइंग क्लब, टपाल, सर्वेक्षण, हौशी वैमानिक यांच्यासाठी. टायगर मॉथमध्ये मुळात ना स्टार्टर मोटर आहे, ना बॅटरी, ना ब्रेक. जे काही आहे ते उघड्या डोळ्यांना दिसतं आणि कानांना ऐकू येतं. त्यामुळे दोष शोधायला यंत्रं फार लागत नाहीत. लागतो तो क्रम.

पंख्याला हात लावण्याआधी

इथे मी कुणाचीही घाई चालवून घेत नाही. गरम इंजिन सुरू होत नाही म्हणून माणूस वैतागतो, आणि वैतागलेला माणूस पंख्यासमोर उभा राहतो, हीच सगळ्यात धोक्याची वेळ.

चाकांपुढे उटी लावलेली असली पाहिजे. कॉकपिटमध्ये शिकलेला माणूस बसलेला असला पाहिजे, कंट्रोलची काठी पोटाशी ओढून, आणि एकट्यानं सुरू करायचंच असेल तर शेपूट दोरानं बांधलेली. बोलणं मोठ्यानं, ठरलेल्या शब्दांत, आणि समोरच्यानं तेच शब्द परत म्हणायचे. "स्विच ऑफ." "स्विच ऑफ." मॅग्नेटो म्हणजे प्लगला ठिणगी देणारं यंत्र. टायगर मॉथचे मॅग्नेटोचे स्विच कॉकपिटच्या बाहेरच्या अंगाला असतात, पंख्याशी उभ्या असलेल्या माणसाला ते दिसावेत म्हणूनच. वर म्हणजे चालू. हे दिसतात म्हणून निर्धास्त होऊ नका. मॅग्नेटो बंद करणं म्हणजे त्याची तार जमिनीला, म्हणजे विमानाच्या सांगाड्याला, जोडणं. ती तार कुठे तुटली असेल तर स्विच खाली असूनही मॅग्नेटो जिवंतच राहतो. म्हणून पंखा नेहमी जिवंत समजूनच धरायचा. बोटं पात्याच्या कडेवरून वळवून गुंडाळायची नाहीत, नुसती टेकवायची.

आणखी एक. लायकमिंग किंवा कॉन्टिनेंटल इंजिनांवर शिकलेल्यांनी लक्षात ठेवावं की जिप्सीचा पंखा त्यांच्या सवयीच्या उलट दिशेनं फिरतो. अंगाची ठेवण, मागे सरकायचा पाय, सगळं बदलतं. दोन दिवस इंजिन बंद ठेवून, प्लग काढून, नुसती ही हालचाल शिकून घ्या.

पहिला प्रश्न: बंद करून किती वेळ झाला?

मी मॅग्नेटो, प्लग, पेट्रोल यांतलं काहीही विचारायच्या आधी हे विचारतो. उत्तरावरून अर्धं काम होतं.

बंद करून पाच मिनिटांच्या आत निरोगी जिप्सी टिकलरला, म्हणजे कार्बोरेटरमध्ये जास्तीचं पेट्रोल सोडणाऱ्या दांडीला, हात न लावता, थ्रॉटल मिटलेला ठेवून, पहिल्या-दुसऱ्या हाताला सुरू झालंच पाहिजे. तिथेही होत नसेल तर मधले परिच्छेद सोडा आणि सरळ खाली ठिणगीच्या भागाकडे जा. सगळ्यात अवघड काळ पंधरा मिनिटांपासून पाऊण तासापर्यंतचा. इंजिन बंद झालं की त्यावरून वाहणारी हवाही थांबते. सिलिंडरमधली धग बाहेर पसरायला लागते आणि आजूबाजूच्या सगळ्या भागांत शिरते, कार्बोरेटरमध्येसुद्धा. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल वाफाळतं, ती वाफ इनटेकच्या नळीत भरून बसते. म्हणजे तुम्ही काहीही न करता इंजिनाच्या तोंडाशी पेट्रोल आधीच जास्त झालेलं असतं.

आणि नेमकं तेव्हा आपण सकाळची सवय चालवतो. सकाळी थंड इंजिनाला टिकलर दाबून ड्रेनमधून थेंब पडेपर्यंत पेट्रोल दिलं होतं, चार पाती फिरवून ते आत ओढून घेतलं होतं. दुपारीही तेच करतो. आधीच ओल्या झालेल्या इंजिनात आणखी पेट्रोल ओततो. पेट्रोल जास्त आणि हवा कमी असलेलं मिश्रण ठिणगीनं पेटत नाही. मग वाटतं, पेट्रोल पोचत नसेल, म्हणून पुन्हा टिकलर. ज्यांनी घरची बजाज चेतक ओव्हर झाल्यावर आडवी करून पेट्रोल सांडलेलं आहे आणि मग किक मारली आहे, त्यांना हे सांगावं लागत नाही. विमान आडवं करता येत नाही, एवढाच फरक.

म्हणून नियम असा ठेवा. गरम इंजिनाला टिकलर नाही. दीड-दोन तास गेले असतील आणि सिलिंडरवर हात ठेवता येत असेल, तर थोडंसं. पूर्ण थंड असेल तरच सकाळसारखं.

ओव्हर झालेलं इंजिन कसं ओळखायचं? नाकानं. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडा, ड्रेनकडे बघा, पेट्रोलचा दर्प येईल, बहुतेक वेळा थेंबही गळत असेल. एखादा प्लग काढला तर तो ओला निघेल. अशा वेळी उपाय एकच आणि तो जुना आहे. पेट्रोल बंद. स्विच ऑफ, दोन्ही कॉकपिटमधले. थ्रॉटल पूर्ण उघडा. आणि पंखा उलटा फिरवा, आठ-दहा पाती. पंखा उलटा फिरला की इंजिनाचा श्वासही उलटा होतो. एरवी जळका धूर ज्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर जातो तिथून ताजी हवा आत येते, आणि जास्तीचं पेट्रोल इनटेककडून मागे ढकललं जातं. कानानं हा फरक कळतो. सुरुवातीला फुसफुस ओलसर असते, मग कोरडी होत जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यानंतर थ्रॉटल परत मिटवायचा. मिटवला का हे कॉकपिटमधल्या माणसानं मोठ्यानं सांगायचं, आणि पंख्याशी उभ्या असलेल्यानं ते ऐकल्याशिवाय "कॉन्टॅक्ट", म्हणजे स्विच ऑन करा, म्हणायचं नाही. थ्रॉटल उघडा राहिला आणि इंजिन धरलं तर ब्रेक नसलेलं विमान पूर्ण ताकदीनं उटीवर चढतं. मग पेट्रोल चालू, स्विच ऑन, एक हात. बहुतेक इंजिनं इथेच सुरू होतात. माझ्या अनुभवात "गरम सुरू होत नाही" म्हणून आलेल्या दहातल्या सहा-सात विमानांना याच्यापलीकडे काही लागत नाही. त्यांच्या मॅग्नेटोत खोट नसते. आपणच सवयीनं पेट्रोल जास्त दिलेलं असतं.

ओल्या इंजिनात ठिणगी पडून कार्बोरेटरकडे भडका उलटू शकतो, म्हणून आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवूनच हे सगळं करा, हँगरमध्ये मुळीच करू नका.

तरीही होत नाही, मग ठिणगी

जिप्सी मेजरला दोन मॅग्नेटो आहेत, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, एकूण आठ. चालू इंजिनावर एकेक मॅग्नेटो बंद करून तपासला, दोन्ही ठीक निघाले, की लोक म्हणतात ठिणगीचा प्रश्न नाही. इथे फसगत होते. हातानं सुरू करताना या दोनपैकी एकच मॅग्नेटो कामाचा असतो, ज्याला इम्पल्स बसवलेलं आहे तो. दुसरा त्या वेळी नुसता बरोबर फिरत असतो.

कारण साधं आहे. हातानं पंखा फिरवताना मॅग्नेटो इतका सावकाश फिरतो की त्यातून दमदार ठिणगी निघत नाही. म्हणून मॅग्नेटो आणि त्याला फिरवणारा दांडा यांच्यामध्ये एक पीळदार स्प्रिंग आणि खटका बसवतात, तेच इम्पल्स. खटका मॅग्नेटोला अडवून धरतो, स्प्रिंगला पीळ बसत जातो, ठरलेल्या जागी खटका सुटतो आणि मॅग्नेटो एका झटक्यात गर्रकन फिरतो. ठिणगी जोरदार पडते आणि थोडी उशिरा पडते, म्हणून पंखा उलटा झटका मारत नाही. हा खटका सुटल्याचा "टक्" आवाज शांत मैदानावर पंधरा पावलांवरून ऐकू येतो. स्विच ऑफ ठेवून पंखा सावकाश पुढे फिरवा आणि ऐका. टक्. टक्. टक्. आवाज दबलेला असेल, मधेच एखादा चुकत असेल, तर इम्पल्सच्या आत जुनं ऑइल चिकट होऊन बसलं आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. बाहेरून तेल सोडून किंवा ठोकून हा दोष जात नाही. उघडून, धुऊन, झीज बघून बसवावं लागतं, आणि ते परवाना असलेल्या माणसाचंच काम आहे.

त्याआधी एक फुकटची तपासणी: दोन्ही कॉकपिटमधले स्विच बघा. पुढच्या आणि मागच्या कॉकपिटला स्विचची वेगवेगळी जोडी असते आणि त्यातली कोणतीही खाली असली तरी तो मॅग्नेटो बंद राहतो. पुढे बसलेले पाहुणे उतरताना कोपरानं स्विच खाली करून जातात. या एका कारणापायी अर्धा तास पंखा फिरवणारे लोक मी पाहिले आहेत.

मग प्लग. उलट्या इंजिनात ऑइल आपोआप सिलिंडरच्या डोक्याकडे उतरतं, आणि प्लग तिथेच बसलेले असतात. शिवाय जिप्सी मेजरचं पहिलं रूप बनलं तेव्हाचं पेट्रोल कमी ऑक्टेनचं होतं, आणि आज आपण त्यात शिसं असलेलं १०० ऑक्टेनचं अ‍ॅव्हगॅस घालतो. बराच वेळ जमिनीवर हळू चालवत ठेवलं की शिशाचे बारीक करडे मणी प्लगच्या तोंडाशी जमतात. थंड असताना असा प्लग कसाबसा ठिणगी देतो, गरम झाल्यावर त्याच करंटला मण्यांतून सोपी वाट मिळते. प्लग काढून भिंगाखाली बघा. काळा आणि ओला असेल तर ऑइल. काळा, कोरडा आणि काजळीसारखा असेल तर पेट्रोल जास्त. करडे मणी असतील तर शिसं. प्रत्येक प्लग कोणत्या भोकातून काढला ते लिहून, पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यात ओळीनं लावून ठेवा. सगळे एका डब्यात टाकले की निम्मी माहिती गेली.

प्लगवरून एक प्रसंग सांगावासा वाटतो. १९३० साली इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड एकट्यानं उडून जाणाऱ्या भारतीयासाठी आगाखानांचं बक्षीस होतं. जे. आर. डी. कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते, आणि सतरा वर्षांचे अस्पी इंजिनीयर इंग्लंडहून कराचीकडे. दोघांचीही जिप्सी मॉथ. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी प्लगसाठी अडकून पडले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले. अस्पी निघाले आणि बक्षीस त्यांनीच जिंकलं. पुढे तेच भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटिश वैमानिक एमी जॉन्सन इंग्लंडमधल्या क्रॉयडनहून ऑस्ट्रेलियातल्या डार्विनकडे निघाली होती, ५ तारखेला सुटून २४ ला पोचली, आपल्याकडे झाशीलाही उतरली. तिच्याकडे वैमानिकाच्या परवान्याबरोबर ग्राउंड इंजिनीयरचाही परवाना होता आणि वाटेत इंजिनाची देखभाल ती स्वतः करत असे. त्या काळच्या वैमानिकाला प्लग काढता-घालता येणं हे नकाशा वाचता येण्याइतकंच गरजेचं होतं. आजही टायगर मॉथच्या डब्यात साफ केलेले, गॅप बघितलेले दोन-चार जादा प्लग आणि त्यांचा पाना असलाच पाहिजे.

आमच्याकडे आलेलं एक विमान

आता अवघड प्रकार. गेल्या वर्षी एक टायगर मॉथ आमच्याकडे आलं. मालकांनी त्याचा इम्पल्सवाला मॅग्नेटो दोनदा ओव्हरहॉलला पाठवला होता. दोन्ही वेळा "दोष आढळला नाही" असा कागद लागून परत आला होता. टिकलर नाही, उलटा पंखा, नवे प्लग, सगळं करून झालं होतं. पाच मिनिटांत सुरू व्हायचं, अर्ध्या तासानं नाही.

माझ्याबरोबर कोल्हापूरचा एक मुलगा होता, इथे मास्टर्स करतोय. तो म्हणाला, "काका, सरळ दुसरा मॅग्नेटो बसवूया ना. एवढं काय बघत बसायचं?"

"बसवू रे. पण आधी दोष कुठे आहे ते डोळ्यांनी बघू. नाहीतर पुढच्याचाही तसाच कागद येईल."

सकाळी थंड इंजिनावर आठही प्लग काढले. पेट्रोल बंद केलं, स्विच ऑफ ठेवून पंखा फिरवून सिलिंडर मोकळे केले, वास पूर्ण जाईपर्यंत थांबलो. मग इम्पल्सच्या मॅग्नेटोची एक तार एका प्लगला जोडून तो प्लग सिलिंडरच्या भोकांपासून लांब, धातूला टेकवून धरला, बाकीच्या तारा जमिनीला जोडल्या. मुलाला काउलिंगची सावली करायला लावली. स्विच ऑन, पंखा सावकाश. टक्. ठिणगी जाड, निळी, चटकन आवाज करणारी.

"बघितलीस?"

"हो काका, मस्त आहे."

प्लग बसवले, इंजिन सुरू केलं, वीस मिनिटं चालवलं, बंद केलं आणि घड्याळ लावलं. तीस मिनिटांनी पुन्हा तेच सगळं, हाताला चटके बसत असताना. टक्. तोच आवाज, इम्पल्स तसाच जोरात सुटलेला. पण ठिणगी या वेळी बारीक, पिवळसर, दोऱ्यासारखी. दोनदा पडली, तिसऱ्यांदा पडलीच नाही.

मुलगा काही बोलला नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मग मॅग्नेटोकडे.

मॅग्नेटोचं झाकण काढलं तर पॉइंटच्या, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांच्या, तोंडावर निळसर जळल्याचे डाग होते. म्हणजे कंडेन्सर. राजदूत किंवा लुना वापरलेल्या माणसाला पॉइंट-कंडेन्सर म्हटलं की लगेच कळेल. पॉइंट उघडतात त्या क्षणी करंट झटकन तुटला तर ठिणगी जोरदार. तो तुटायला मदत करतो कंडेन्सर. जुना कंडेन्सर थंड असताना ठीक असतो, तापला की आतून गळायला लागतो. मग करंट पॉइंटवरच जळत राहतो आणि प्लगकडे उरलंसुरलं जातं. इंजिन वेगात फिरत असताना मॅग्नेटोकडे ताकद भरपूर असते म्हणून हा दोष झाकला जातो. हातानं फिरवताना सगळी भिस्त त्या एका झटक्यावर असते, तिथे तो उघडा पडतो. आणि बाकावर मॅग्नेटो दोन्ही वेळा थंडच तपासला गेला होता. म्हणून "दोष आढळला नाही" हा कागद खोटाही नव्हता. मॅग्नेटोच्या कॉइलचंही असंच होतं. जुन्या कॉइलमधलं वार्निश दमट हवा शोषून घेतं आणि तापल्यावर दगा देतं. मुंबईच्या पावसाळ्यात किंवा कोकणात ठेवलेल्या कुठल्याही जुन्या मॅग्नेटोच्या बाबतीत हे आधी मनात आणा.

मॅग्नेटो पुन्हा पाठवला, या वेळी चिठ्ठीवर एवढंच लिहिलं: थंड असताना ठीक, गरम असताना इम्पल्सवर ठिणगी तुटते, गरम करून तपासावा. कंडेन्सर बदलून आला.

बाकीची कारणं, थोडक्यात

कॉम्प्रेशन. स्विच ऑफ, पंखा सावकाश फिरवा. दोन पात्यांच्या पंख्यावर ओळीनं चार पाती ओढली की चारही सिलिंडर हाताखालून जातात. गरम असताना एखादं पातं सैल गेलं तर ऐका. फुसफुस एक्झॉस्टच्या नळीतून येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून येत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह, क्रँककेसच्या श्वासनळीतून येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. टॅपेटची गॅप मॅन्युअलप्रमाणे आहे ना ते आधी बघा, मग मोठी कामं काढा.

पेट्रोल. टायगर मॉथची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध, १९ गॅलनची, पेट्रोल नुसतं वजनानं खाली येतं. त्यामुळे पंप असलेल्या विमानांसारखी वाफ अडकण्याची तक्रार इथे कमी. पण टाकीचा हवेचा मार्ग चोंदला असेल तर इंजिन सुरू होऊन मिनिटभरात दम तोडतं, आणि लोक तेही "गरम सुरू होत नाही" यात धरतात. मोटारीचं पेट्रोल, विमानाच्या कागदांवर स्पष्ट परवानगी असल्याशिवाय, वापरू नका. आता आपल्याकडे पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला, वॉशरला आणि टाकीच्या आतल्या लेपाला ते मानवत नाही.

इनटेकचं पॅकिंग. गरम झाल्यावर सांधा सुटून हवा आत ओढली जाते, इंजिन कार्बोरेटरमधून खोकतं. पॅकिंग बदला.

आणि थंड इंजिनासाठी एक इशारा, कारण उलट्या इंजिनाचा विषय निघालाच आहे. विमान आठवडाभर उभं असेल तर ऑइल खाली सिलिंडरच्या डोक्यात साठलेलं असू शकतं. स्विच ऑफ ठेवून पंखा हलक्या हातानं फिरवा. मधेच घट्ट अडला तर जोर लावू नका. प्लग काढा, ऑइल निथळू द्या. द्रव दाबला जात नाही, जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि तो वाकला आहे हे पुढे हवेत असताना कळतं.

बंद करतानाच पुढच्या सुरुवातीची तयारी

उतरल्यावर विमानाचं नाक वाऱ्याकडे करून उभं करा. इंजिन बंद करण्याआधी मिनिट-दोन मिनिटं सावकाश चालू द्या. पेट्रोल बंद करायला विसरू नका, आणि लगेच काउलिंग दोन्ही बाजूंनी उघडून ठेवा. नुसतं एवढं केलं तरी कार्बोरेटरमध्ये धग कमी जाते. मे महिन्यातल्या नागपूरसारख्या उन्हात तर हे न करणं म्हणजे दुपारची कुस्ती स्वतःहून ओढवून घेणं.

आणि प्रत्येक विमानाची एक वही ठेवा. कधी बंद केलं, कधी पुन्हा सुरू केलं, टिकलर दिला की नाही, उलटी पाती फिरवली का, कितव्या हाताला धरलं. चार रविवार लिहा, दोष त्या ओळींमध्येच दिसायला लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, मॅग्नेटो आणि पॅकिंग एकाच दिवशी बदलून इंजिन सुरू झालं, तर बरं कशानं झालं हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि दोष परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्या विमानाची वही आता कोल्हापूरचा मुलगा लिहितो. मॅग्नेटो परत बसवल्यानंतरच्या रविवारची त्याची नोंद अशी आहे: "बंद १२.४०. वारा पश्चिमेचा, काउलिंग उघडं. सुरू १.१५. टिकलर नाही. थ्रॉटल बंद. दुसरा हात."